माताजींच्या मागं लाल गाडी

‘‘ह्याला मागं सीट नाही?’’ माताजींनी विचारलं.

आणि मी मूर्खासारखी खरंच उत्तर द्यायला लागले. म्हटलं, नाही, ही दोनच सीटची असते, स्पोर्ट्स कार आहे ना. पण धाकट्या माताजींसाठी मी रिक्षा सांगते. तुम्ही पुढं बसा. सीट मागं जाते, पाय लांब करता येतात…

माताजी शांतपणे ऐकत होत्या.

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

दीक्षा घेतल्यापासून ज्या बाईनं कुठल्याही वाहनात पाय ठेवला नाही, तिला मी सीट मागं कशी जाते ते दाखवत होते. बटण दाबून.

सीट मागं गेली. पुढं आली.

‘‘छान आहे,’’ माताजी म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात जन्मल्यापासून हेच बघितलंय. दिगंबर जैन साधू, साध्वी पायी चालतात, हे आमच्यात पोराला बाराखडीच्या आधी कळतं. पण घाईत माणसाचं डोकं आधी गाडीत बसतं, माणूस नंतर.

अचलमती माताजी म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. होती. दीक्षेनंतर नातं सुटतं, असं शास्त्र सांगतं. तोवर ती आमची अक्का होती. नाव मिळालं अचलमती, आणि तेव्हापासून बाई चालतेच आहे. हा विनोद मी एकदा त्यांच्यासमोर केला होता.

त्या म्हणाल्या, ‘‘मती म्हटलंय. पाय नाही म्हटलं.’’

आई कवठेवाडीला, भूपालदादाकडं. गणपती झाले आणि तिनं अंथरूण धरलं. खाणं कमी झालं. दिवसभर एकच… मोठी आली का?

दादाचा फोन यायचा. ‘‘तू कधी येतेस?’’

‘‘अक्काला घेऊनच येते बघ,’’ मी म्हणायचे.

पण अक्का चातुर्मासाला कर्नाटकात. चातुर्मासात साधू गाव सोडत नाहीत. मग दिवाळी झाली. मग थंडी पडली. मी आपली ‘घेऊनच येते’ म्हणतच होते.

काल दादा म्हणाला, ‘‘आई आता पेजपण नको म्हणते. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बघायचंय त्यांनी बघून घ्या.’’

त्याच संध्याकाळी समाजाच्या ग्रुपवर दिसलं, माताजींचा मुक्काम मांजरवाडीच्या मंदिरात. आमच्या कोल्हापूरपासून गाडीनं तासावर.

घरची साधी गाडी घेऊन माझा नवरा, सुकुमार, सोलापूरला गेला होता. उरली होती त्याची लाल. परदेशातनं आलेली, जुनी, जमिनीला पोट टेकलेली. रविवारी तो तिला रंकाळ्यापर्यंत नेतो, आणून पुसतो आणि झाकून ठेवतो. मी कव्हर काढलं आणि उजाडायच्या आत निघाले.

कवठेवाडीचा फाटा वाटेतच लागला. मी वळले नाही. आईसमोर रिकाम्या हातानं काय जायचं?

तर अशी मी मंदिराच्या दारात, सीट मागंपुढं करत.

‘‘माताजी, आईला बघायला येणार ना?’’

त्यांनी कमंडलू उचलला. ‘‘बघू. योग असेल तसं.’’

‘‘म्हणजे हो?’’

‘‘म्हणजे योग असेल तसं.’’

‘‘म्हणजे नाही?’’

त्यांनी मोरपिसांची पिंछी दुसऱ्या हातात घेतली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. त्यांच्या मागून धाकट्या माताजी. ह्या अजून दीक्षेच्या अलीकडच्या पायरीवरच्या, वयानं लहान, हसऱ्या.

साधू पुढचा शब्द देत नाहीत. उद्याचं कुणाला ठाऊक, म्हणून. तत्त्वज्ञान म्हणून फार छान आहे. बहीण म्हणून डोकं फिरतं.

मी रागारागानं गाडीत बसले. किल्ली फिरवली.

समोर पिवळी अक्षरं पेटली. स्टिअरिंग लॉक.

गाडी चालू झाली. जरा पुढं गेली. मी पाय दाबला… बंद.

पुन्हा चालू. पुन्हा पाय दाबला. पुन्हा बंद.

सुकुमारला फोन लावला.

‘‘गाडी बंद पडतेय.’’

‘‘कुठली?’’

‘‘…’’

‘‘त्रिशला, कुठली गाडी?’’

‘‘लाल.’’

फोनवर बराच वेळ सोलापूर ऐकू येत राहिलं.

‘‘ओरखडा आलाय का?’’

‘‘सुकुमार, माझी आई सिरियस आहे.’’

‘‘हो हो. बरोबर आहे… ओरखडा?’’

मी पिवळ्या अक्षरांचं सांगितलं. त्यानं सुस्कारा टाकला. ‘‘हां, मग तेच. त्या गाडीच्या स्टिअरिंगला कुलूप असतं. किल्ली काढली की लागतं, घातली की उघडतं. चाक फिरतंय का हातात?’’

‘‘फिरतंय की.’’

‘‘म्हणजे कुलूप उघडलंय. पण गाडीला ते कळलेलं नाही. तिला वाटतंय, अजून लागलेलंच आहे. म्हणून जरा वेग घेतला की ती आपणहून पेट्रोल तोडते. अपघात नको म्हणून.’’

‘‘मग तिला सांग ना, उघडलंय म्हणून.’’

‘‘सोलापुरातनं?’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘हळू ने. अगदी चालत्या माणसाइतकी. तेवढ्याला ती काही म्हणत नाही.’’

मी काचेतून पुढं बघितलं. रस्त्यावरून दोन पांढऱ्या साड्या चालल्या होत्या. अनवाणी.

मी इंडिकेटर चालू केले आणि त्यांच्या मागं लागले.

त्या रस्त्यानं सकाळी उसाचे ट्रॅक्टर असतात. एकाला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि पुढं गाणं लावलेलं. एरवी ते कुणालाच जागा देत नाहीत. पण लाल गाडी मुंगीसारखी चाललेली बघून एकेक जण हळू होत होता.

‘‘ओ वैनी, ढकलू काय?’’

‘‘नको.’’

दुसऱ्यानं मान बाहेर काढली. ‘‘उपास हाय काय गाडीला?’’

‘‘हो!’’

‘‘सोडवा की मग. पाणी तर दावा!’’

मोटरसायकलवरच्या दोघांनी तर वळून येऊन माझा फोटो काढला.

मला वाटलं, निदान बोलता तरी येईल. मी गाडी त्यांच्या शेजारी घेतली. काच खाली.

‘‘आईला दिसत नाही आता नीट. आवाजानं ओळखते.’’

माताजी चालत होत्या.

‘‘रोज विचारते. दादाला वाटतं, तुमच्यात जीव अडकलाय तिचा.’’

माताजी चालत होत्या. नजर पुढच्या चार हात जमिनीवर. पायाखाली कीड-मुंगी येऊ नये म्हणून त्या चालताना बोलत नाहीत. हेही मला लहानपणापासून माहीत. तरी मी एका उघड्या खिडकीतून बोलत राहिले. आईच्या औषधांचं, दादाचं, वहिनीचं, डॉक्टरांचं. मग विषय संपले तेव्हा माझ्या गुडघ्याचं.

सूर्य वर आला. माझ्या डोक्यात एक घड्याळ चाललेलं.

आमच्यात साधू दिवसातून एकदाच आहार घेतात. सकाळी, ठरल्या वेळेला. ती वेळ टळली की त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. आणि दादा म्हणाला होता, आईची आता एकच इच्छा आहे. मोठीला एकदा माझ्या हातानं आहार द्यायचा.

वेळेत पोचल्या तर आज. नाहीतर उद्या. आणि आईकडं उद्या आहे की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

एका मोरीच्या कठड्याशी माताजी थांबल्या. पिंछीनं दगड हळूच झाडला आणि बसल्या.

मी गाडीतून उतरले. उतरले म्हणजे, त्या गाडीतून रांगत बाहेर यावं लागतं.

‘‘काय झालंय हिला?’’ माताजींनी गाडीकडं बघत विचारलं.

मी सांगितलं. कुलूप उघडं आहे, पण गाडीला वाटतंय ते लागलंय. म्हणून ती पुढं जात नाही.

‘‘खरंच लागलेलं नाही?’’

‘‘नाही. चाक फिरतंय की.’’

‘‘आणि तरी जात नाही.’’

‘‘नाही.’’

त्या गाडीकडं बघत राहिल्या. बराच वेळ. धाकट्या माताजी पण बघत राहिल्या.

मी मनात म्हटलं, आता येणार. आत्मा, बंधन, अज्ञान… सगळं ह्या एका गाडीत तयार ठेवलंय, फक्त उचलून द्यायचं. मी मान थोडी खाली घातली. उपदेश घ्यायला बरी दिसते.

‘‘हं,’’ माताजी म्हणाल्या.

बास.

मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. म्हणून मीच म्हटलं, ‘‘पण बघा, मी मागं असल्यामुळं ट्रॉल्या तुमच्यापासनं लांबून जातात. बरंच आहे ना?’’

‘‘आम्ही गाडीला ये म्हणत नाही.’’

‘‘मग जाऊ?’’

‘‘जा पण म्हणत नाही.’’

धाकट्या माताजींनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

‘‘एवढं तरी सांगा,’’ मी म्हटलं, ‘‘आईकडं चाललाय का?’’

‘‘रस्त्यानं चाललोय.’’

आणि उठल्या.

मग फाटा आला.

डावीकडं कवठेवाडी. उजवीकडं डोंगर, वरती तीर्थ. आणि दोन्ही रस्त्यांच्या मधोमध, दोन बांबूंवर, एवढा मोठा बॅनर. त्यावर माझ्या बहिणीचा फोटो, कमळांची नक्षी, खाली समाजातल्या सगळ्या अध्यक्षांचे फोटो. ‘अचलमती माताजींचा भव्य मंगल प्रवेश.’ आणि उजवीकडं दाखवणारा लाल बाण.

म्हणजे हे ठरलेलंच होतं.

सकाळपासून ‘योग असेल तसं’ म्हणत होत्या, आणि इथं बाण काढून ठेवलाय!

माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी पुढं गाडी काढली. चालत्या माणसापेक्षा वेगात नेता येत नाही, त्यामुळं ते नाट्य फार सावकाश झालं. दोघींना मागं टाकायलाच मला किती वेळ लागला. धाकट्या माताजींनी सरकून जागा दिली. मी उजव्या रस्त्यावर गाडी आडवी घातली. चाक पूर्ण पिळलं. किल्ली काढली. सिनेमात काढतात तशी.

रांगत बाहेर आले.

‘‘तिकडं जायचं नाही!’’ मी हात पसरून म्हटलं. ‘‘अध्यक्ष थांबतील. आई थांबणार नाही. अक्का, तू… माताजी, तुम्ही तिकडं गेलात तर मी…’’

पुढं काय, ते मलाच माहीत नव्हतं.

माताजी उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

धाकट्या माताजी म्हणाल्या, ‘‘ताई, त्या बॅनरवर तारीख…’’

तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. उसाचा ट्रॅक्टर. त्याच्या मागं दुसरा. साखर कारखान्याचा रस्ता पण तोच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

‘‘वैनी, उपास सुटला काय?’’ मघाचाच होता, ऊस टाकून परत निघालेला. ‘‘आता गाडी तेवढी काढा!’’

मी पुन्हा रांगत आत. किल्ली घातली. फिरवली.

फिरेना.

चाक हलवून बघितलं. दगड. ह्या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. सकाळपासून जे कुलूप नव्हतंच, ते आता खरंच लागलं होतं. मी एका हातानं चाक ओढतेय, एका हातानं किल्ली पिळतेय. हॉर्न वाढले. कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नाक पुसायला हात मोकळा नाही.

खिडकीत सावली आली.

माताजी.

‘‘हे धर,’’ त्या म्हणाल्या.

कमंडलू पुढं केला होता.

‘‘अहो, थांबा ना… किल्ली…’’

‘‘धर.’’

कमंडलू एका हातानं घेत नाहीत. आमच्यात कुणीच घेणार नाही. माझे दोन्ही हात चाकावरून, किल्लीवरून आपोआप सुटले आणि पुढं झाले.

तो घेतला, आणि मग बसून काय राहायचं? रांगताही येईना. कशीबशी, कमंडलू वर धरून, पाण्याचा थेंब न सांडता मी त्या गाडीतून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी राहून.

माताजी चालायला लागल्या होत्या.

डावीकडं.

मी तिथंच. कमंडलू छातीशी.

‘‘पण बॅनर…’’

‘‘तेच सांगत होते,’’ धाकट्या माताजी म्हणाल्या. ‘‘तो येत्या रविवारचा आहे. आज बुधवार ना?’’

मी वाचलं. खरंच, खाली तारीख होती. मी फोटो बघितला होता आणि बाण.

‘‘मग आज…’’

‘‘आजच कुठं? दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. इकडंच. आईचा निरोप आला होता ना.’’ त्या हसल्या. ‘‘वाटेत किती गावांनी थांबा म्हटलं. माताजी थांबल्या नाहीत. माझ्या टाचा बघा.’’

मी बघितल्या.

त्या गेल्या. मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘‘वैनी, जावा तुम्ही. आम्ही लावतो कडंला.’’ ऊसतोडीची टोळी खाली उतरली, कोयते ठेवले, आणि सुकुमारच्या लाडक्या लाल गाडीला चारी बाजूंनी हात घालून त्यांनी ती उचलली आणि बाभळीखाली ठेवली. एक बाई म्हणाली, ‘‘अगं बया, म्हशीएवढी पण न्हाई.’’

ओरखडा आला का, ते मी बघितलं नाही.

मी चालायला लागले. पायात उंच टाचेचे बूट. थोड्या वेळानं ते काढून काखेत मारले. कमंडलू दोन्ही हातांत. कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा.

कवठेवाडीत शिरलो तेव्हा आहाराची वेळ झालीच होती. दोघी मंदिरात दर्शनाला गेल्या. मी कमंडलू परत दिला आणि घराकडं पळाले.

आमची गल्ली तयार होती. दारादारांत रांगोळी, धुतलेल्या साड्या, हातात कलश. साध्वी आहाराला निघाल्या की ज्यांना आहार द्यायचाय ते दारात उभं राहून बोलावतात. पण कुठं थांबायचं, ते त्या ठरवतात. निघताना मनात एक नियम धरतात. दारात अमुक दिसलं तरच थांबायचं. तो नियम कुणाला सांगत नाहीत. जुळला तर आहार. कुठंच नाही जुळला, तर उपवास.

आपल्या घरी थांबतील, असं सख्खी आईसुद्धा म्हणू शकत नाही.

दारात आई उभी होती.

म्हणजे भूपालदादानं एका बाजूनं धरली होती. पांढरी साडी, हातात कलश, कलश थरथरतोय. केवढीशी झाली होती. माझ्या मनात जी आई होती ती ह्याच्या दुप्पट होती.

‘‘कोण गं?’’

‘‘मी. त्रिशला.’’

‘‘तू पण आलीस व्हय?’’ आई म्हणाली. खूश होऊन. मला ते खूश होणं सहन झालं नाही.

मी लांबच उभी राहिले. जीन्स, घाम, रस्त्याची धूळ. शुद्ध कपड्यांत नसलेल्यानं आहार देणाऱ्याला शिवायचं नसतं.

‘‘बघत काय बसलीस?’’ वहिनी ओरडली. ‘‘अंघोळ करून ये! आईला ह्या बाजूनं कोण धरणार? मी ताट बघू का हिला बघू?’’

न्हाणीत मी डोक्यावर गार पाणी ओतत असतानाच गल्ली शांत झाली. मग एकेका दारातून आवाज यायला लागले. जवळ, जवळ. मग आमच्या दारातून, चिरकलेला, आईचा.

‘‘हे माताजी, वंदामि… अत्र अत्र… तिष्ठ तिष्ठ…’’

इथं थांबा, इथं थांबा.

मी तांब्या हातात धरून ऐकत होते.

मग पुढच्या दाराचा आवाज आला. मग त्याच्या पुढच्या.

गेल्या.

मी वहिनीची साडी कशीबशी गुंडाळली आणि ओल्या केसांनी बाहेर आले. आईचा चेहरा तसाच समोर. तिला दिसत नव्हतं ना, म्हणून ती अजून वाट बघत होती.

‘‘गेली?’’ तिनं विचारलं.

दादानं तिच्या हातातला कलश सावरला.

मी आईचा दुसरा दंड धरला. हातात काही लागलंच नाही, नुसती साडी. इतकी हलकी.

गल्लीच्या टोकाशी माताजी वळल्या. उजवा हात खांद्यावर, आहाराला निघाल्यावर ठेवतात तसा. धाकट्या माताजी एका घरात थांबल्या होत्या. ह्या एकट्या परत येत होत्या, रिकाम्या. दाराशी आल्या.

आईनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

ती कलश धरून नुसते ओठ हलवत होती.

मग मीच म्हटलं. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, पण तोंडात होतं. ‘‘हे माताजी, वंदामि. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ.’’

माझ्यामागून दादा. मग आई, अगदी हळू.

माताजी थांबल्या.

आमच्याकडं बघितलं. तिघांकडं.

आणि उभ्या राहिल्या.

तीन प्रदक्षिणा घालायच्या असतात. आईनं त्या आमच्या दोघांच्या मधून घातल्या. तिसरीला तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही, मी सांगू शकणार नाही. आत पाटावर माताजी बसल्या, ओंजळ पुढं केली, आणि आईनं पहिला घास तिच्यात ठेवला. चाचपडत. एक शीत खाली पडू दिलं नाही. मग दुसरा. मग म्हणाली, ‘‘माताजी, मीठ बेताचं आहे ना?’’

आहारात बोलत नाहीत. माताजींनी मान हलवली.

‘‘काय म्हणाल्या?’’ आईनं मला विचारलं.

‘‘हो म्हणाल्या.’’

‘‘लहानपणी फार मीठ खायची,’’ आई म्हणाली.

दुपारी आईनं पेज मागितली. स्वतःहून. वाटी संपवली आणि झोपली.

माताजी बाहेर सोप्यात, भिंतीला न टेकता बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसले. कान अजून ओले होते. दादा बाभळीखालच्या गाडीचं बघायला गेला होता, आणि माझ्या फोनवर सुकुमारचे कॉल येऊन येऊन थकले होते.

मला खूप काही बोलायचं होतं. पाया पडायचं होतं, भांडायचं पण होतं. दिवाळीपासून ही बाई इकडं येत होती. आणि मी दिवाळीपासून सगळ्यांना सांगत होते, अक्काला काही पडलेलं नाही.

पण तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘किती दिवस लावलेत, माताजी.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं.

‘‘आम्ही चालत आलो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला कशानं उशीर झाला?’’